सी हॅरियरचं मॉडेल: जोडणी पावसाळ्यात, रंग दिवाळीनंतर

सांगलीच्या विश्रामबागेतून आलेला प्रश्न असा: "सी हॅरियर एफआरएस १ चं १/७२ मापाचं प्लास्टिकचं किट गेल्या जुलैत जोडलं. उभं केलं तर पंखाच्या टोकाचं एक चाक अधांतरी राहतं आणि टेबलाला धक्का लागला की विमान शेपटीवर बसतं. पंख आणि धड यांच्यात पायरी दिसते. वरचा करडा रंग दुधाळ झाला. डेकलखाली चांदी चमकते. तेच किट पुन्हा मागवलंय, या वेळी आपल्या नौदलाचं विमान करायचंय. काय चुकलं, आणि कोणत्या क्रमानं जाऊ?"

अधांतरी चाक, शेपटीवर बसणं आणि पंखाची पायरी या तिन्ही चुका जोडणीच्या क्रमातून आल्या आहेत. दुधाळ रंग हा हवेचा प्रताप. आणि डेकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांची, चांदी ही त्या बिघडलेल्या रंगाचीच पोर, कारण खडबडीत पृष्ठभागावर डेकल कधी नीट बसत नाही. म्हणून सुरुवात प्लास्टिक जोडायच्या सिमेंटच्या बाटलीपासून न करता कॅलेंडरपासून करू.

जून ते सप्टेंबर कापायचं, जोडायचं, पुट्टी भरायची, वॉटर पेपरनं घासायचं. प्लास्टिकच्या सिमेंटला दमट हवेचं काही वाटत नाही, रंगाला वाटतं. लॅकर, म्हणजे थिनरवरचा झटपट सुकणारा रंग, फवारला की त्यातलं थिनर झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरावर दव धरावं तशी बसते. तेच ते दुधाळपण. लाखेचं पॉलिशही असंच पांढरं पडतं. मिरजेत सतारींना पॉलिश करणाऱ्या कोणालाही विचारा. घरात एक साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा काटा, ठेवा. ६५ टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त रंगवा. ६५ ते ७५ मध्ये सावकाश सुकणारं लेव्हलिंग थिनर वापरून पातळ हात मारा. ७५ च्या वर रंग फवारायचा एअरब्रश कपाटातच बरा. साताऱ्यात झड लागली की काटा कित्येक दिवस ८५-९० वरून हलत नाही. सांगलीत पाऊस कमी, पण श्रावणात कृष्णाकाठची हवा कोरडी असते असं कोणी म्हणणार नाही. एसीची खोली असेल तर तासभर आधी एसी लावून काम होतं, फक्त वास बाहेर जायची सोय हवी.

सांगलीचा एप्रिल-मे नेमका उलटा छळतो. पारा ३८-४० वर असला की रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि मॉडेलवर रवाळ भुकटी बसते. तेव्हा पहाटे सहा ते नऊ हीच वेळ, रंगात दहा टक्क्यांच्या आसपास सुकणं लांबवणारं रिटार्डर, आणि एअरब्रश नेहमीपेक्षा जवळ. थोडक्यात, ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने रंगासाठी राखून ठेवा. आज किट हातात असेल तर घाई कसलीच नाही.

कोणतं विमान

आपलं सी हॅरियर म्हणजे एफआरएस ५१. पहिली तीन विमानं डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात दाबोळीला उतरली, विराट ही विमानवाहू नौका १९८७ मध्ये नौदलात आली, आणि आयएनएएस ३०० म्हणजे 'व्हाइट टायगर्स' तुकडीनं ही विमानं मे २०१६ मध्ये निवृत्त केली. बाहेरून एफआरएस ५१ आणि ब्रिटिश एफआरएस १ जवळपास सारखेच, त्यामुळे तुमचं किट योग्य आहे. एफए २ या नंतरच्या ब्रिटिश प्रकाराचं किट स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. त्याचं नाक फुगीर, आणि पंखामागे धडात ३५ सेंटिमीटरची भर आहे. १/७२ ला ती जवळपास ५ मिलिमीटर होते. कापून काढायची म्हटली तर नवीन किट परवडलं. भारतानं एफए २ कधी वापरलंच नाही.

खरा फरक क्षेपणास्त्रात आहे. ब्रिटिश विमानावर साइडवाइंडर, आपल्यावर 'मात्रा' या फ्रेंच कंपनीचं मॅजिक. किटमधल्या साइडवाइंडरला मॅजिक म्हणून खपवता येत नाही. मॅजिकच्या पुढच्या भागात पंखुड्यांचे दोन संच असतात, एकामागे एक, आणि क्षेपणास्त्र जाडही आहे: १/७२ ला व्यास २.२ मिलिमीटर, तर साइडवाइंडरचा १.८. मिराज एफ १ किंवा मिराज २००० च्या किटमध्ये मॅजिक मिळतं. कोणाकडे उरलेली जोडी असेल तर मागून घ्या. नाहीच मिळाली तर नुसत्या इंधन टाक्या आणि पोटाखालचे दोन तोफेचे पॉड लावा. चुकीच्या क्षेपणास्त्रापेक्षा मोकळा पायलन, म्हणजे पंखाखालची टांगणी, बरा.

रंगाचं साल आधी ठरवा. सुरुवातीची विमानं वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून पांढरी होती. पुढे पांढरं गेलं आणि सगळं विमान करडं झालं. पहिल्यांदा करणाऱ्यानं सुरुवातीचीच रंगसंगती घ्यावी असं माझं मत आहे. पांढरा रंग मारायला त्रास होतो हे खरं, पण छटा नक्की आहे: ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी मधला ६४० क्रमांक. मिस्टर कलरमध्ये तो सी ३३३, पाण्यावरच्या मिस्टर हॉबीत एच ३३३, हंब्रोलमध्ये १२३. नंतरच्या करड्या विमानांवर ऊन, खारी हवा आणि डागडुजीचे ठिपके इतके आहेत की एकाच विमानाचे दोन फोटो एकमेकांशी जुळत नाहीत.

गोव्याला जाणं झालं तर दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर आणि त्याआधीचं सी हॉक दोन्ही उघड्यावर उभी आहेत. चाकांच्या खोबणी, नळ्या, झाकणं यांचे फोटो भरपूर काढा. रंगासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका. उघड्यावर ठेवलेल्या विमानाला पुन्हा पुन्हा रंग दिला जातो.

जोडणी

रनर, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या चौकटी, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुवून वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर मास्किंग टेप काढताना रंग टेपबरोबर येतो. भाग रनरपासून थोडा लांब कापायचा, उरलेला बुंधा ब्लेडनं आणि ६०० च्या वॉटर पेपरनं उतरवायचा. सिमेंट म्हणून तामियाचं एक्स्ट्रा थिन किंवा तसंच पातळ काहीही. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकला लावू नका, पृष्ठभाग चघळल्यासारखा होतो. ते एअरब्रश धुवायला ठेवा. बोर्ड बनवणारे ॲक्रिलिक चिकटवायला जे 'क्लोरोफॉर्म' देतात त्यानं सांधा पक्का होतो, पण घरात बसून त्याचा वास घेण्याची गोष्ट नाही.

कॉकपिटवर या मापात फार वेळ घालवू नका. काचेतून दिसते ती सीट आणि तिचे पट्टे. मार्टिन-बेकरची सीट, काळी-करडी रंगवा, पट्ट्यांना मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या. पुढे चला.

आता वजन. धडाचे दोन्ही अर्धे भाग बंद करण्याआधी पंख, शेपटी, नॉझल (इंजिनाचा झोत सोडणारी तोंडं), टाक्या, सगळं टेपनं तात्पुरतं लावा. मुख्य चाकं जिथं येतात त्या रेषेखाली एक पेन्सिल आडवी ठेवून विमान तोला. नाक खाली झुकायलाच हवं, नुसतं समतोल राहून चालत नाही. झुकत नसेल तर नाकावर बाहेरून वजन चिकटवत जा, झुकलं की त्यात दोन ग्रॅमची भर घाला. तेवढं वजन आत जायचं. सायकलच्या दुकानातले छर्रे यासाठी उत्तम: मागच्या चाकाचा पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा, पुढच्या चाकाचा ३/१६ इंची अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित कमी. मोजायला काटा लागत नाही. नाकाच्या टोकात मावतील तेवढे भरा, उरलेले कॉकपिटच्या खालच्या पोकळीत, आणि सगळे अराल्डाइटनं पक्के करा. शिसं वापरत असाल तर ते फेविकॉलमध्ये बसवू नका. पांढऱ्या गोंदात शिसं हळूहळू गंजतं, फुगतं, आणि वर्ष-दोन वर्षांत नाकाचा सांधा आतून उकलतो. हा दोष लगेच दिसत नाही म्हणून लोक त्याला किटचा दोष समजतात.

हॅरियरचं खरं तोंड म्हणजे इंजिनात हवा घेणारे दोन मोठे इनटेक. नजर आधी तिथंच जाते, कारण आतमध्ये इंजिनाचा पंखा उघडा दिसतो. इनटेकच्या आतला सांधा धड बंद झाल्यावर घासता येत नाही, म्हणून तो आधीच भरून, घासून घ्या. आतला रंग ब्रशनं मारला तर रेघा दिसतात. त्यापेक्षा मागचं तोंड ओल्या टिश्यूनं बुजवा, पातळ केलेला रंग आत ओता, विमान फिरवून सगळीकडे लागू द्या आणि उलटं करून निथळू द्या. असे दोन-तीन हात, मध्ये एकेक दिवस. पंखा वेगळा रंगवून शेवटी मागून बसवता येतो का ते किट बघून ठरवा. बसत असेल तर निम्मं मास्किंग वाचलं.

इनटेकच्या ओठाभोवती छोट्या झडपांची माळ असते. इंजिन बंद असलं की वरच्या झडपा स्वतःच्या वजनानं आत पडतात, खालच्या मिटलेल्या राहतात. उभ्या विमानावर सगळ्या झडपा बंद दाखवल्या तर ते हवेतलं विमान चाकांवर ठेवल्यासारखं दिसतं. काही किटमध्ये दोन्ही तऱ्हा देतात. नसतील तर वरच्या झडपांच्या जागी काळपट रंगाची सावली द्या, किंवा हिंमत असेल तर टोकदार ब्लेडनं कापून आत वळवा.

आता पंखाची पायरी. वरचा पंख अखंड एका तुकड्यात असतो आणि तो धडावर वरून बसतो. धडाचे दोन भाग नुसते चिमटून चिकटवले की वरची कड थोडी आत जाते, धड अर्धा-एक मिलिमीटर अरुंद होतं, आणि मग पंख दोन्हीकडे उंच दिसतो. लोक तिथं पुट्टीचा डोंगर करतात आणि घासताना पंखावरच्या, पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या रेघाही घालवून बसतात. उपाय पंख लावण्याआधीचा आहे. जाड रनरचा तुकडा कापून धडाच्या आत पंखाच्या मुळाशी आडवा बसवा, खांबासारखा. पंख कोरडा ठेवून बघत त्या खांबाची लांबी कमी-जास्त करा. कड पंखाला भिडली की खांब चिकटवा. धड सुकायला एक रात्र द्या, मगच पंख. तरीही केसाएवढी फट राहिली तर ०.२५ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी आत सरकवून सिमेंट लावा. त्याहून बारीक फटीला फेविक्विक आणि टाल्कम पावडर यांचा लगदा चालतो, पण तो तासाभरात घासला पाहिजे. रात्रभर राहिला तर प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचं प्लास्टिकच झिजतं.

पंख चिकटवताना आणखी एक गोष्ट बघा, कारण पुढची सगळी भानगड तिथून सुरू होते. हॅरियरचे पंख खाली झुकलेले असतात, आणि टोकाजवळ छोटी चाकं. या चाकांचं मधल्या रेषेपासूनचं अंतर १/७२ ला सुमारे ४७ मिलिमीटर. पंख एका अंशानं जरी वर राहिला तरी त्या चाकापाशी ०.८ मिलिमीटरची फट पडते. १/७२ चं मॉडेल टेबलावर ठेवलं की ०.८ मिलिमीटर लांबूनही दिसतो. म्हणून सिमेंट ओलं असतानाच दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीनं मोजा, सारखी करा आणि टेपनं ओढून रात्रभर ठेवा.

चार पाय, एक जमीन

हॅरियरला मुख्य चाकं सायकलीसारखी एकामागे एक: पुढे नाकाखाली एक, मध्ये पोटाखाली जोडचाक. तोल सांभाळायला टोकाचे दोन पाय. खऱ्या विमानात मधला पाय जमिनीवर आल्यावर स्वतः थोडा आखडतो आणि टोकाची चाकं टेकतात. मॉडेलला ती दया नाही. त्यामुळे चारही पाय किटच्या सूचनेप्रमाणे त्या त्या भोकात चिकटवले की बहुतेक वेळा एक हवेत राहतंच. तुमचं तेच झालं.

पद्धत अशी. रंगाच्या आधीच चाकं पायांना लावून घ्या, पण पाय धडाला चिकटवू नका. ब्लू टॅकनं, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट मातीनं, बसवा. जाड काचेचा तुकडा घ्या, खिडकीची काच चालते, आणि विमान त्यावर उभं करा. टेबलाचं लाकूड सपाट असतं हा भ्रम आहे. आता फटी बघा. टोकाची दोन्ही चाकं सारखीच अधांतरी असतील तर मधला आणि नाकाचा पाय उंच आहेत. मधल्या पायाचा खुंट, म्हणजे भोकात जाणारं टोक, फाइलनं थोडा थोडा उतरवा आणि नाकाचा पायही त्याच हिशोबानं, नाहीतर विमान नाक वर करून बसेल. उलट टोकाची चाकं टेकतात आणि मधलं जोडचाक हवेत, तर टोकाच्या पायांचे खुंट उतरवा. एकच बाजू हवेत असेल तर दोष पायात नाही, पंखात किंवा धडाच्या पिळात आहे. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर त्या बाजूच्या पायाच्या खोबणीत प्लास्टिकची चकती घालून भागतं. त्याहून जास्त असेल तर पंखाचा सांधा उकलून पुन्हा बसवणं हाच मार्ग, आणि रंगाच्या आधी तो अर्ध्या तासात होतो. रंगानंतर त्याला आठवडा लागतो.

जुळलं की प्रत्येक पायाच्या खुंटात ०.५ मिलिमीटरचं भोक पाडून स्टीलच्या तारेची खिळी बसवा आणि तिला समोर धडात भोक करा. पुढे डेकल झाल्यावर पाय कायमचे बसवताना जागा हलत नाही. आता पाय काढून डबीत ठेवा.

नॉझल चार. पुढचे दोन थंड हवेचे, मागचे दोन तप्त वायूचे. चौघांचा एकमेकांशी यांत्रिक दुवा असतो, त्यामुळे चारही नेहमी एकाच कोनात वळतात. एक सरळ आणि एक तिरका असलेलं हॅरियर जगात नाही, मॉडेलमध्ये मात्र बऱ्याचदा दिसतं. पुढच्या जोडीला धातूचा जळका रंग देऊ नका. मागच्या जोडीला द्या: गडद धातूवर तपकिरी-निळसर पातळ हात. त्यांच्या मागे धडावर उष्णतेपासून बचावाचा धातूचा पत्रा आहे, तोही वेगळा रंगवायचा. नॉझल आणि तो पत्रा सगळ्यात शेवटी.

नाकाच्या टोकावर पिटो नळी, म्हणजे वेग मोजायची नळी, असते. प्लास्टिकची असेल ती पहिल्याच आठवड्यात मोडणार, हे गृहीत धरा. मिरजेजवळ राहण्याचा इथं फायदा आहे. सतारीची ०.३ मिलिमीटरची पोलादी तार आणि औषधाच्या दुकानातली २३ गेजची इंजेक्शनची सुई घ्या. सुईच्या आत तार बरोबर सरकते, बाहेरची नळी ०.६४ मिलिमीटरची. तार थोडी बाहेर ठेवून आतून फेविक्विकचा थेंब दिला की पायरीची, सरळ, न वाकणारी पिटो तयार. सुई आणि तार निपरनं कापू नका, निपरची धार जागच्या जागी जाते. सुईफाइलनं खाच करून मोडा. कॉकपिटच्या काचेपुढची छोटी वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्टीही तारेच्या तुकड्यातून होते. पिटो बसवायचं भोक मात्र आताच पाडून ठेवा.

रंग

दिवाळी झाली, हायग्रोमीटर ६० च्या खाली आला, आता काढा एअरब्रश. आधी राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. तो सांध्यांवरचं सत्य सांगतो. पायरी, बोटाचे ठसे, सगळं उघडं पडतं. दुरुस्त करा, पुन्हा सरफेसर, १००० च्या वॉटर पेपरनं हलका हात.

पांढरा आधी, करडा नंतर. उलट केलं तर करड्यावर पांढरा झाकायला दहा हात लागतात आणि रेघा भरून जातात. पांढरा पातळ, एक भाग रंगाला दोन भाग लेव्हलिंग थिनर, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, एअरब्रशला ०.३ चा नॉझल, पाच-सात सेंटिमीटरवरून. चार-पाच हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. एकाच हातात पांढरंशुभ्र करायला गेलात की कडेला रंग ओघळतो आणि आत खोबणीत करडंच राहतं. पांढऱ्याला दोन दिवस सुकू द्या.

करड्या आणि पांढऱ्याची सीमा धडाच्या बाजूवर बरीच खाली येते आणि ती ठळक, धारदार असते. धुरकट करू नका. वळणावर रुंद टेप सुरकुततो, म्हणून टेपची दोन मिलिमीटरची पट्टी कापून आधी रेषा आखा, मग रुंद टेपनं आत भरा. स्टेशनरीच्या दुकानातला स्वस्त मास्किंग टेप फार चिकट असतो, आधी तळहातावर दोनदा चिकटवून काढा. आणि करडा मारण्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा एकदा पांढराच फवारा. जिथून रंग आत झिरपणार तिथून पांढरा झिरपतो आणि फट बुजते. मग वर करडा मारला की टेप काढल्यावर सुरीनं कापल्यासारखी रेषा मिळते. टेप दोन-तीन तासांत काढा, दुमडून मागे ओढत, सरळ वर नाही.

कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. वॉटर ट्रॅप असला तरी कामाच्या मध्ये एकदा टाकी रिकामी करा. पाण्याचा एक थेंब एअरब्रशमधून आला तर ओल्या रंगात बशीसारखा खड्डा पडतो. तोंडाला रंगाच्या वाफेसाठीचा काडतुसवाला मास्क लावा. कापडी मास्क किंवा एन ९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही.

जुन्या विमानाचा दुधाळ रंग वाचवता येतो. लॅकर असेल तर कोरड्या दिवशी नुसतं लेव्हलिंग थिनर लांबून, अगदी हलकं फवारा. थर पुन्हा किंचित मऊ होतो, अडकलेली ओल सुटते आणि रंग परत येतो. दुधाळपणा शेवटच्या मॅट वार्निशमुळे असेल तर त्यावर ग्लॉस वार्निशचा एक हात द्या. बहुतेक वेळा धुकं जातं, आणि मग कोरड्या हवेत पुन्हा मॅट.

डेकल

चांदी म्हणजे डेकलखाली अडकलेली हवा. खडबडीत मॅट रंगाच्या उंचवट्यांवर डेकल टेकतं, दरीत हवा राहते. म्हणून डेकलआधी ग्लॉस वार्निशचे दोन हात, आणि पूर्ण सुकायला दोन दिवस. बोटानं चाचपल्यावर काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे.

पाणी कोमट, आणि बोअरचं नको. त्यातले क्षार डेकलभोवती पांढरी कड सोडतात आणि ती वार्निशखाली कायमची राहते. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. डेकल वीस-तीस सेकंद बुडवून टिश्यूवर काढून ठेवा. मिनिटभरात स्वतःहून सुटेल. जागेवर आधी डेकल नीट चिकटवणाऱ्या मार्क सेटरचा थेंब, मग डेकल, पाणी मधून कडेला हलक्या हातानं टिपायचं. अर्ध्या तासानं वर डेकल मऊ करणारा मार्क सॉफ्टर. तो लावल्यावर डेकल सुरकुततं. घाबरायचं नाही, हात लावायचा नाही. सुकताना ते स्वतः ताणून रेघांमध्ये बसतं. सकाळी कुठं चांदी दिसली तर सुईच्या टोकानं दोन-चार टोचे मारून पुन्हा सॉफ्टर.

भारतीय चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. किटमध्ये ब्रिटिश चिन्हं येतात, भारतीय डेकल वेगळी घ्यावी लागतात. घेताना भिंगातून बघा: पांढरं कडं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर छपाई सरकली आहे. गडद करड्यावर पातळ केशरी मातकट दिसतो. ते चक्र लावण्याआधी त्याच मापाची, चक्रापेक्षा केसभर लहान पांढरी चकती खाली रंगवा. देवनागरी अक्षरं असतील तर मात्रा आणि वेलांट्या तपासा. परदेशात छापलेल्या डेकलवर 'नौसेना'ची मात्रा शेजारच्या अक्षरावर गेलेली सापडते, आणि ती आपल्याकडच्या प्रत्येकाला दिसते. शेपटीवरच्या तिरंगी पट्टीचा क्रम दोन्ही बाजूंच्या फोटोंवरून लावा, आणि ज्या क्रमांकाचं विमान करताय, आयएन ६०१ पासून पुढचं कोणतंही, त्याच विमानाच्या त्याच काळातल्या फोटोवरून.

डेकलचा कागद पिवळा पडला असेल तर पारदर्शक पिशवीत घालून दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार दिवसांत पिवळेपणा उतरतो. जुनं डेकल पाण्यात तुकडे होतं का ते आधी नको असलेल्या ब्रिटिश चिन्हावर बघा. होत असेल तर पूर्ण कागदावर ग्लॉस वार्निशचा हात द्या आणि मग प्रत्येक चिन्ह कडेनं कापून वापरा.

रेघांना वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, देताना एकच गडद रंग सगळीकडे ओढू नका. पांढऱ्या पोटावर काळ्या रेघा म्हणजे ग्राफ पेपर. तिथं मध्यम राखाडी, आणि वरच्या गडद करड्यावर काळपट तपकिरी. ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करून रेघेत सोडा, पंधरा मिनिटांनी कापडानं हवेच्या दिशेनं, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसा. मग अर्धमॅट वार्निश. नौदलाची विमानं खाऱ्या हवेमुळे सारखी धुतली जातात. तेलाचे ओघळ पोटाखाली ठीक, पंखावर नकोत.

शेवटची जोडणी या क्रमानं: पाय आणि चाकं, काचेवर ठेवून चारही टेकतात याची पुन्हा खात्री, मग नॉझल, चौघांचा कोन पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर मापून, मग टाक्या आणि पॉड, मग कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटची काच. कॅनॉपीला फेविक्विक कधीच नाही, त्याच्या वाफेनं काच आतून धुरकट होते आणि ते निघत नाही. फेविकॉलची बारीक रेघ पुरते. कॅनॉपीवर स्फोटक दोरीची पांढरी वेडीवाकडी रेघ असते, ती किटमध्ये डेकल म्हणून असेल तर आतल्या बाजूला लावायचा हट्ट धरू नका. सगळ्यात शेवटी पिटो.

जुनं, दुधाळ हॅरियर फेकू नका. रंगाचं प्रत्येक नवीन मिश्रण आधी त्याच्या पोटावर मारून बघायचं, आणि पावसाळ्यात ढग उघडले तर आज फवारता येईल का, हे हायग्रोमीटरइतकंच तेही सांगतं: पंखावर एक पट्टा मारा, वीस मिनिटं थांबा, पांढुरकी झाक आली तर एअरब्रश धुवून ठेवा आणि दुसऱ्या किटचे रनर कापायला घ्या.